तार कुणाची, तक्रार कुणाची?

घरगुती इंटरनेटचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील अनेक मित्रांच्या कपाळावर आठी पडते. ज्या देशात कोट्यवधी माणसांना दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, तेथे वायफाय मंद चालते म्हणून गाऱ्हाणे मांडणे हे सुखवस्तू मध्यमवर्गाचे चोचले होत, असा त्या आठीचा अर्थ असतो. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. त्याला प्रथम उत्तर दिले पाहिजे.

इंटरनेट ही चैन की गरज, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य आता गरिबाच्या हाती उरलेले नाही. सरकारने त्याच्या वतीने तो निर्णय केव्हाच घेऊन टाकला आहे. रेशनच्या दुकानात शिधापत्रिकाधारकाचा अंगठा यंत्रावर टेकतो, आणि त्या यंत्राला रेंज मिळाली तरच तराजू हलतो. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर छायाचित्र काढून नोंदविणे सक्तीचे करण्यात आले. छायाचित्र चढले नाही तर घाम गाळूनही दिवस बुडाला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतात काय पेरले आहे, हे सांगण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती फोन असणे आवश्यक झाले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना सेतू केंद्रांपुढे बायाबापड्यांच्या ज्या रांगा लागल्या, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. २०२५ पासून तर अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. धडगाव, धारणी किंवा भामरागड येथील माणसाने इंटरनेट मागितले नसेल. परंतु त्याचे धान्य, त्याची मजुरी आणि त्याच्या मुलीचा प्रवेश यांच्या वाटेवर ते आणून उभे करण्यात आले आहे. ज्या दारातून जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे, असा प्रश्न विचारणे हे चोचले खचित नव्हेत. तो राजकीय प्रश्न आहे.

घरात तार किती जणांच्या?

दूरसंचार खात्याची आकडेवारी वाचली तर देश इंटरनेटने भरून गेला आहे, असेच कुणालाही वाटेल. २०२४ च्या अखेरीस ब्रॉडबँडचे ग्राहक नव्वद कोटींहून अधिक होते. परंतु या आकड्यात ग्यानबाची मेख आहे. २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिटच्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ साली ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली, आणि थेट जानेवारी २०२३ मध्ये ती दोन मेगाबिटवर गेली. म्हणजे हातातील फोनवर कसेबसे चित्र उमटले की तो माणूस ‘ब्रॉडबँडधारक’ म्हणून मोजला गेला. या नव्वद कोटींत घरात किंवा कार्यालयात तार आलेले ग्राहक पाच कोटींच्या आत होते. उरलेले सारे हवेतील लहरींवर, म्हणजे टॉवरच्या मर्जीवर जगतात.

फोनवरचे इंटरनेट आणि घरातील इंटरनेट यांत फरक काय, असे कुणी विचारील. फरक पाण्याच्या टँकरमध्ये आणि नळामध्ये आहे तोच. टँकरचे पाणीही पाणीच असते. पण ते मोजून मिळते, कुणाला आधी मिळावे यावर घरात भांडण होते, आणि हिशेब केला तर ते महाग पडते. फोनवरचा दिवसाचा कोटा संपला की मुलाचा अभ्यास थांबतो. एकच फोन बाप कामावर घेऊन गेला की घरातील आई आणि मुलगी दोघींचा संबंध तुटतो. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा हे सत्य उघडे पडले. त्याच्या आधीच राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने, म्हणजे २०१७-१८ सालच्या पाहणीने सांगून ठेवले होते की देशातील अवघ्या २४ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय आहे. शहरांत ४२ टक्के आणि खेड्यांत केवळ १५ टक्के. हे ठाऊक असतानाही ‘ऑनलाइन शिक्षण’ जाहीर झाले आणि कोकणातील, सातपुड्यातील मुले रेंज शोधत डोंगर चढू लागली. वर्तमानपत्रांनी त्या मुलांच्या जिद्दीचे कौतुक छापले. ज्यांच्यामुळे त्यांना डोंगर चढावा लागला, त्यांना मात्र जाब कुणी विचारला नाही.

आता हिशेबच करून पाहू. रिलायन्स जिओचा दररोज दीड जीबीचा, २८ दिवस मुदतीचा प्लॅन जून २०२४ पर्यंत २३९ रुपयांना होता. जुलै २०२४ मध्ये तो २९९ रुपयांचा झाला. वर्षात महिने बारा असले तरी २८ दिवसांच्या कालगणनेत ते तेरा होतात. एका फोनचे वर्षाला ३,८८७ रुपये झाले, दोन फोनचे ७,७७४. याउलट ४९९ रुपयांचा घरगुती तारेचा प्लॅन घेतला, तर १८ टक्के करासह महिन्याला सुमारे ५८९ आणि वर्षाला सुमारे ७,०७० रुपये पडतात. फोनच्या पैशांत बोलणेही येते, हे खरे. पण तारेवर सारे घर एका वेळी बसते आणि दिवसाकाठी दीड जीबीचे माप संपत नाही. ज्याच्या दाराशी तार येते त्याला इंटरनेट स्वस्त, आणि ज्याच्या वस्तीत कंपनीला तार टाकणे परवडत नाही त्याला ते महाग. गरिबी महाग पडते, हा आपला जुनाच अनुभव या नव्या वस्तूनेही खरा करून दाखविला आहे.

स्वस्ताई आली आणि गेली

येथे एक गोष्ट निखळपणे मान्य केली पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य नागरिकांस खुले केले, तेव्हा त्याची वर्षाची वर्गणी हजारो रुपयांत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली आणि काही महिन्यांतच फोनवरील इंटरनेटचे दर कोसळले. रिक्षाचालक, घरकामगार, भाजीवाली यांच्या हाती ते आले. हा लाभ खरा होता आणि तो नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय.

परंतु त्या स्वस्ताईची पुढची कथाही सांगितली पाहिजे. दरयुद्धात रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल बुडाल्या. टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या आणि एक होऊनही कर्जाच्या ओझ्याखाली वाकल्या. रणांगणावर धडधाकट असे दोनच योद्धे उरले. मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीन वेळा दर वाढले. आणि प्रत्येक वेळी काही दिवसांच्या अंतराने, एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून वाढले. स्पर्धा हीच ग्राहकाची तारणहार, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी या तीन तारखांचा अर्थ एकदा समजावून सांगावा. मक्तेदारी ही स्पर्धेच्या विरुद्ध टोकाला उभी नसते. पुष्कळदा ती स्पर्धेच्याच पोटी जन्म घेते.

विक्रेत्याची भाषा

घरात तार आली म्हणून ग्राहकाचे ग्रहण सुटले, असेही नाही. या व्यापाराने एक स्वतंत्र भाषा तयार केली आहे आणि ती शिकल्याखेरीज आपण काय विकत घेतो, हे कळत नाही.

जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे म्हटलेले असते. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द लहान अक्षरांत असतो आणि सारा व्यवहार त्याच एका शब्दावर उभा असतो. शंभरपर्यंत म्हणजे दहाही असू शकते. शिवाय हे शंभर मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सारे काही सुरळीत असतानाही सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. किराणा दुकानदाराने किलोचा भाव सांगून पावशेराच्या मापाने माल दिला तर वजनमापे खात्याचा निरीक्षक त्याच्या दारात उभा राहतो. येथे तसा निरीक्षक कुणी पाहिला आहे काय?

दुसरा शब्द ‘अनलिमिटेड’. या अमर्याद सेवेला मर्यादा असते आणि तिचे नाव ‘वाजवी वापर धोरण’. ती ओलांडली की वेग घसरतो. वापर वाजवी की गैरवाजवी, हे ज्याने पैसे मोजले तो ठरवीत नाही. ज्याने पैसे घेतले तो ठरवितो. तिसरा प्रकार किमतीचा: मोठ्या अक्षरांतील आकड्यात कर धरलेला नसतो, आणि ‘मोफत जोडणी’ सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरणाऱ्यालाच मोफत असते. चौथा प्रकार सर्वांत कमी बोलला जाणारा आहे. अनेक गृहसंकुलांत बांधकाम व्यावसायिक वा सोसायटीचे पदाधिकारी एकाच कंपनीला आत तार टाकू देतात. मग बाजारात दहा कंपन्या असल्या तरी त्या इमारतीतील रहिवाशाला निवड एकाच कंपनीची उरते. स्वातंत्र्य आहे ते घ्यायचे की न घ्यायचे, एवढेच.

उपकरणांचीही तीच तऱ्हा. कंपनीने भिंतीवर टांगलेला राऊटर बहुधा त्याच कंपनीच्या तारेवर चालतो. कंपनी बदलली की तो भंगारात. फोनची बॅटरी आतून चिकटविलेली असते, आणि चांगला चालणारा फोनही काही वर्षांत नव्या सुधारणा मिळेनाशा झाल्याने बँकेच्या ॲपला नकोसा होतो. शिवणयंत्र, सायकल आणि रेडिओ तीन-तीन दशके दुरुस्त करून वापरणाऱ्या समाजाला फेकून देण्याची सवय लावण्यात येत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. ते स्वागतार्ह आहे. पण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती देण्यास उत्पादकाला भाग पाडणारे बळ संकेतस्थळात नसते. ते कायद्यातच असते.

तक्रार करायची कुणाकडे?

प्रस्तुत लेखक राहतो त्या वसाहतीत गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना तार तुटली आणि सहा दिवस सेवा बंद राहिली. कंपनीच्या क्रमांकावर माणूस भेटत नाही, यंत्र बोलते. त्या यंत्राने दररोज नवा तक्रार क्रमांक दिला. तिसऱ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला, तेव्हा तार रस्त्याच्या कडेला चिखलात तशीच लोंबत होती. अखेर जो तरुण दुरुस्तीला आला तो कंपनीचा नोकर नव्हता. तो कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे काम करणारा; मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, आणि मोबदला मिटविलेल्या तक्रारींच्या संख्येवर. तक्रार आधी ‘मिटते’ आणि तार नंतर जुळते, याचे गूढ त्याच्याशी दोन घटका बोलल्यावर उलगडले. संध्याकाळपर्यंत आकडा भरला नाही तर त्याची मजुरी कापली जाते. ग्राहकाचा संताप ज्याच्या अंगावर कोसळतो तो स्वतःच या व्यवस्थेचा सर्वांत शोषित घटक आहे. त्या पोरावर ओरडून ग्राहक मोकळा होतो आणि वर बसलेला मालक दोघांकडूनही वसुली करतो.

मग दाद मागायची कुठे? दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, व्यक्तिगत तक्रारी हाताळत नाही. तशी तरतूदच तिच्या कायद्यात नाही. नियमानुसार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचे आणि तेथे समाधान झाले नाही तर अपील अधिकाऱ्याकडे. परंतु हा अपील अधिकारीही कंपनीनेच नेमलेला. आरोपी आणि न्यायाधीश एकाच घरचे! २०२४ च्या नव्या नियमांनी जिल्हा पातळीवरील सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाल्यास भरपाईची तरतूद केली, हे चांगले झाले. पण एका चाळीची किंवा एका वाडीची तार आठ दिवस तुटून राहिली तर तिला जिल्ह्याचा दर्जा कोण देणार?

ग्राहक न्यायालयाचा मार्गही बराच काळ बंदच होता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील ७-ब या कलमाकडे बोट दाखवून टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, असे म्हटले. इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेला कायदा स्वतंत्र भारतातील ग्राहकाच्या आड आला! १६ फेब्रुवारी २०२२ रोजी याच न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ही कोंडी फोडली आणि दूरसंचार सेवेचा ग्राहक थेट ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, असा निर्वाळा दिला. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना हा निर्णय ठाऊक आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि आयोगाच्या परवानगीने समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांची एकच तक्रार दाखल करता येते. एकट्याने लढणारा ग्राहक म्हणजे कंपनीच्या लेखी एक तक्रार क्रमांक. दोनशे घरे एकत्र आली की तो वाद होतो.

सार्वजनिक क्षेत्राची कोंडी

‘मग सरकारी कंपनी घ्या की,’ असे उपरोधाने म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या उपरोधात तथ्यही आहे. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली, लाइनमनची मनधरणी केलेली पिढी अजून हयात आहे. सार्वजनिक मालकी म्हणजे ग्राहकाकडे पाठ फिरविण्याचा परवाना नव्हे, हे त्या काळी आपणच ठणकावून सांगायला हवे होते. आज तरी सांगू या.

पण त्याच सार्वजनिक क्षेत्राने १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था उभारली आणि भारतीय उष्णता, धूळ व विजेचा लपंडाव सोसणारे ग्रामीण एक्स्चेंज येथेच बनविले, हेही विसरता कामा नये. गावोगावच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमागे तीच दृष्टी होती: प्रत्येकाच्या घरी फोन देता येत नसेल तर प्रत्येकाच्या चालण्याच्या अंतरावर तरी तो असावा. ही दृष्टी पुढे सोडून देण्यात आली. खासगी कंपनीची फोर-जी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेरा वर्षे एका धावपटूचे पाय बांधून ठेवायचे आणि मग तो शर्यतीत मागे पडला म्हणून त्याची हेटाळणी करायची, असा हा न्याय. दरम्यान २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पॅकेजे जाहीर झाली आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी निगमचे अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने बाहेर पडले. दुसरीकडे बुडत्या व्होडाफोन आयडियाची थकबाकी भागभांडवलात रूपांतरित करीत करीत २०२५ साली सरकारचा तिच्यातील वाटा ४९ टक्क्यांवर गेला. सरकारने व्यापारात पडू नये, हे तत्त्व कुठे गेले? तोटा आला की तो सार्वजनिक, आणि नफा आला की तो खासगी, हेच ते तत्त्व.

खेड्यांची कथा याहून वेगळी नाही. २०११ साली सर्व ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट पडले. मुदती आल्या आणि गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटींची तरतूद मंजूर झाली. पण मुळातच योजना ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आखलेली होती. तेथून घराघरांत तार कुणी न्यायची, देखभाल कुणी करायची, याचा विचार उशिरा झाला. धरण बांधले आणि पाटचाऱ्या खोदल्याच नाहीत, हा महाराष्ट्राच्या सिंचनाचा इतिहास. तो तारेच्या बाबतीतही पुन्हा लिहिला जावा, हे दुर्दैव.

दुसरा मार्ग आहे

तारेची मालकी आणि तारेवरून होणारी विक्री या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. रस्ता सार्वजनिक असतो आणि त्यावरून एसटीही धावते, मालमोटारही धावते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे नगरपालिकेने १९९४ साली स्टोकाब ही कंपनी काढली, शहरभर फायबर टाकले आणि ते सर्व सेवादात्यांना समान अटींवर भाड्याने दिले. अमेरिकेसारख्या खासगी भांडवलाच्या माहेरघरात चॅटनूगा शहराच्या सार्वजनिक वीजमंडळाने २०१० साली सेकंदाला एक गिगाबिटची सेवा घरोघर देऊ केली. आपल्या केरळने ५ जून २०२३ रोजी ‘के-फोन’ सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रत्यक्ष जोडण्या त्या उद्दिष्टाच्या कितीतरी मागे आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. दिशा बरोबर असली म्हणजे काम आपोआप होते, असे नाही. परंतु विजेच्या खांबांवरून राज्याची स्वतःची तार जाऊ शकते, एवढे तरी त्या प्रयोगाने सिद्ध केले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. सार्वजनिक म्हणजे मंत्र्याच्या बोटाखालचे बटण नव्हे. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरचे इंटरनेट बंद करण्यात आले आणि तेथे फोर-जी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती घटनेच्या संरक्षणाखाली येते, असे म्हटले. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांतून सेवा बंद करण्याचे हुकूम निघतच राहिले. म्हणून सार्वजनिक तारेची मागणी करताना ती महापालिका, ग्रामपंचायत आणि वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्था यांच्या हाती असावी, आणि ती तोडण्याचा अधिकार कायद्याने जखडलेला असावा, अशीच मागणी केली पाहिजे. ज्या महाराष्ट्राने सहकारातून साखर कारखाने आणि दूध संघ उभारले, त्याला तारेचा सहकार अशक्य नाही. आणि त्या सहकाराची पुढे काय दशा झाली, तो धडाही आपल्यापाशी आहेच.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, शासनाकडे आग्रह असा धरावा की रेशन, मजुरी, निवृत्तिवेतन, प्रवेश यांपैकी कोणताही हक्क रेंजअभावी नाकारला जाऊ नये. कागदावरचा पर्यायी मार्ग प्रत्येक ठिकाणी उपलब्ध असावा आणि तसा फलक दुकानावर व कार्यालयावर लागावा.

दुसरी, प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागात एक साधी नोंदवही ठेवावी. सेवा किती दिवस बंद होती, तक्रार कधी दिली, वेग किती कबूल केला आणि किती मिळाला, याच्या तारीखवार नोंदी. वर्षभराच्या अशा नोंदी हाती असल्या की सामूहिक तक्रार ग्राहक आयोगापुढे उभी राहू शकते.

तिसरी, सोसायट्या आणि चाळींतून एकाच कंपनीला प्रवेश देणारे करार उघड करून मोडीत काढावेत. महापालिका रस्ता खोदते तेव्हाच सार्वजनिक नळी टाकावी, म्हणजे प्रत्येक कंपनीला रस्ता नव्याने खोदावा लागणार नाही.

चौथी, राज्यातील अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये सार्वजनिक तारेने जोडावीत. ज्याच्या घरी तार नाही, अशा विद्यार्थ्याला दिवाबत्तीची, बसण्याची आणि इंटरनेटची जागा गावातच मिळेल. एसटीडी बूथमागील जुनी दृष्टी पुन्हा आणायची ती अशी.

पाचवी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, तार जोडणाऱ्या कंत्राटी तरुणांची संघटना बांधावी. त्यांना महिन्याचा पगार, अपघात विमा आणि खांबावर चढण्याची सुरक्षित साधने मिळाली, तर तक्रार खोटी ‘मिटवायची’ पाळी त्यांच्यावर येणार नाही. ग्राहकाचे हित आणि कामगाराचे हित येथे परस्परविरोधी नाहीत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचा फायदा आहे तेच ते तसे दाखवितात.

१९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही साखर-तेलाचा प्रश्न हा बायकांच्या स्वयंपाकघरातील कटकटीचा विषय मानून पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला होता. गोरेगावच्या वस्त्यांत पाण्याचा नळ मागणे हेदेखील कुणाला क्रांतिकार्य वाटले नव्हते. त्या बायांनी मात्र घरातील अडचण मांडता मांडता पुरवठा, साठेबाजी आणि शासन यांच्या मुळालाच हात घातला. घराघरांत आज एकेकटा ग्राहक फोन कानाला लावून यंत्राचे बोलणे ऐकत बसला आहे. त्याला शेजारच्या दारावर थाप मारायला शिकविणे, हे काम कोणतीही कंपनी करणार नाही आणि कोणतेही प्राधिकरण करणार नाही. ते आपल्याच वाट्याचे आहे, आणि त्याची सुरुवात पुढच्या शाखा बैठकीतच व्हावी.